आवाज लांब, गाडी जवळ

गाडीखाली पडून काम करणाऱ्याला गिऱ्हाईक आधी पायांवरून कळतं. बुटांना पॉलिश असेल तर तक्रार निम्मी खोटी असते आणि चपलांना चिखल असेल तर गाडी खरंच कुठेतरी बंद पडून माणूस चालत आलेला असतो, असं आमचे बाळा मिस्त्री सांगायचे. पेणला हायवेच्या कडेला त्यांचं गॅरेज होतं. मी तिथे नऊ वर्षं काढली. त्या नऊ वर्षांत हातून चांगली कामं पुष्कळ झाली. ती ज्यांची झाली त्यांच्या ध्यानातही नाहीत, आणि ते ठीकच आहे. मी लिहिणार आहे ते एका गाडीच्या मागच्या दातांविषयी. त्या दातांनी एका चांगल्या ड्रायव्हरला स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्यायला लावला, त्याच्या हातातलं स्टिअरिंग काढून घेतलं. दात मी निवडले होते.

दात म्हणजे काय ते आधी सांगतो. इंजिनाची ताकद एका लांब दांड्यातून मागे येते. ट्रकच्या मागच्या दोन चाकांच्या मध्ये लोखंडी भोपळ्यासारखं काहीतरी लोंबताना तुम्ही पाहिलं असेल. त्याच्या पोटात दोन दातेरी चाकं असतात. दांड्याच्या टोकाला असतं ते लहान, त्याला पिनियन म्हणतात. ते ज्याला फिरवतं ते मोठं, ते क्राऊन. पिनियनला दहा दात आणि क्राऊनला एक्केचाळीस असतील, तर दांड्याच्या चार फेऱ्या आणि वर थोडं झालं की रस्त्यावरचं चाक एकदा फिरतं. ओढ जास्त, पळ कमी. पिनियनला तेरा आणि क्राऊनला चाळीस असतील, तर दांड्याच्या तीनच फेऱ्यांत तेच काम होतं. पळ जास्त, ओढ कमी. कुठल्या गाडीला कुठले दात हे तिचं वजन, तिची ताकद आणि तिचा रस्ता बघून ठरवायचं. एवढंच शास्त्र आहे. एवढंच असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

माझे वडील रोह्याजवळच्या धाटावला कंपनीत होते. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. संघटनेची, संपाची, सभेची. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली, त्यामुळे उद्गारचिन्ह मला स्वल्पविरामाच्या आधी आलं. पुढे मी स्वतः पत्रकं लिहू लागलो. भूत, लागीर, लिंबू-मिरच्या यांवरचं माझं पत्रक मी धाटावच्या गेटवर शिफ्ट सुटताना हाताने वाटलं होतं. गॅरेजात येणाऱ्या गाडीच्या बंपरला लिंबू-मिरची बांधलेली दिसली की मी पक्कडीने तोडायचो. मी जेवायला गेलो की मिस्त्री ती पुन्हा बांधायचे. सगळे मला 'पत्रक्या' म्हणत. मला त्याचा अभिमान होता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे येणाऱ्या कुठल्याही गाडीचा वेगाचा मीटर चालत नसे. मिठाच्या ट्रकवरच्या एका ड्रायव्हरने तर मीटरची तार काढून तिने बॉनेट बांधलं होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मीटर बगू का रस्ता बगू? किती पलतंय ते इंजिनच सांगतंय ना." त्याचं चुकीचं नव्हतं. आमच्याकडचा ड्रायव्हर वेग कानाने मोजतो. त्यामुळे आम्हीही मीटरकडे कधी बघितलं नाही. आमच्या दृष्टीने ती डॅशबोर्डवरची एक मेलेली काच होती.

धाटावच्या एका कारखान्याच्या मालकांनी ती गाडी मुंबईहून आणली होती. त्यांना सगळे शेठच म्हणत. गाडी परदेशी, आठ सिलिंडरची, वरणावरच्या तुपाच्या रंगाची आणि आमच्या गॅरेजच्या शेडपेक्षा हातभर लांब. तिला क्लच नव्हता. ऑटोमॅटिक गाडी तोवर आम्ही कोणी हाताळली नव्हती. ब्रेकवरचा पाय उचलला की ती रेस न देताच पुढे सरकायची, हळू, ओळख काढायला आल्यासारखी. पहिल्या दिवशी ती अशी सरकत मिस्त्रींच्या गुडघ्याला येऊन टेकली तेव्हा ते दोन पावलं मागे झाले.

"ही चालवत नाय रं कोन," ते म्हणाले. "ही येते."

"मिस्त्री, गिअरबॉक्समधलं तेल फिरतंय, म्हणून सरकते."

"असंल. पन तिला सांग, मना इचारून ये."

गाडी चालवायला रघूदादा होता. रोह्याशेजारच्या वरसे गावचा. आधी तो कंपनीची शिफ्टची बस चालवायचा, माझे वडील त्याच बसने जात. उतरताना लोक त्याला 'येतो रघू' म्हणायचे, देवळातून निघताना म्हणतात तसं. तीस वर्षांत त्याच्या चाकाखाली कोंबडी आली नव्हती. तो बोलायचा कमी, आणि गाडीतून उतरल्यावर एकदा बॉनेटवर हात ठेवायचा. ताप बघतात तसा.

दीड वर्ष गाडी वापरल्यावर शेठची तक्रार आली, की हायवेला गाडी पन्नासच्या वर गेली की इंजिन बोंबलतं. मी गाडीखाली शिरलो. एक चाक उचलून, दांड्यावर आणि टायरवर खडूची रेघ मारून फेऱ्या मोजल्या. दहा आणि एक्केचाळीस. एवढ्या ताकदीच्या गाडीला इतक्या ओढीचे दात कशाला, ते नंतर कळलं. आधीचा मालक तिच्यामागे मोटारबोट बांधून न्यायचा. आता बोट नव्हती, ओढ उरली होती.

मी एका पत्रकाच्या पाठीवर हिशेब मांडला. इंजिन दांडगं आहे. ऑटोमॅटिकमध्ये सुटताना तेलाचा झोत स्वतःच ताकद वाढवून देतो. मग दातांनी आणखी ओढ देण्याची गरज नाही. मी तेरा-चाळीस ठरवलं. मुंबईच्या भंगार बाजारात तशाच भोपळ्याचा जोड मिळाला. बसवताना दातांना दात नीट टेकतात का ते बघायला तेलात कालवलेला शेंदूर लावतात, फिरवून बघतात, मग पुसून टाकतात. रघूदादा शेजारी उकिडवा बसून बघत होता.

"द्येवाचा शेंदूर दातांना?"

"दगडाला लावण्यापेक्षा इथे उपयोगाचा आहे," मी म्हणालो.

तो हसला नाही. "लावलास तर लावलास. पुसताना पाया पड," म्हणाला.

काम फार चांगलं झालं. मी आजही तसंच म्हणतो. गाडी हायवेला अशी पळाली की इंजिन चालू आहे की नाही ते कळू नये. शेठनी पेढे पाठवले. ऑटोमॅटिक गाडीचे दात बदलणारा पनवेलपासून महाडपर्यंत दुसरा माणूस नाही, असं मिस्त्री चारचौघांत सांगायला लागले.

तीनेक आठवड्यांनी रघूदादा आला. उभाच राहिला.

"पत्रक्या, झाडं लवकर येत्यात."

"कुठली झाडं?"

"सगली. भिसे खिंडीच्या अल्याडचा आंबा, मग सागाचं बन, मग पाटी. एकाचं दुसऱ्याला अंतर व्हतं. आता एक गेलं नाय तर दुसरं येतंय. कोनीतरी रस्ता गुंडाळतंय असं वाटतं."

"गाडी भरधाव सोडत असशील."

"काटा तीसवर. कान पन तीसच सांगतो. नाय रं. गाडी बरोबर हाय. झाडंच येत्यात."

मी हसून त्याला चहा पाजला. भिसे खिंड रोह्याहून नागोठण्याला येताना लागते. दोन्ही अंगांना जंगल, वळणं, दुपारीही सावली. खिंडीत शेंदूर फासलेला एक दगड आहे. जाता-येता ड्रायव्हर तिथे हॉर्न वाजवतात. मी वाजवत नाही.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. या वेळी मला हाताला धरून गाडीत बसवलं आणि मीटरवर बोट ठेवलं. परदेशी गाडीचा मीटर मैलांचा होता.

"कारखान्याच्या गेटापासून तुज्या गॅरेजापर्यंत अठ्ठावीस मैल. दीड वरीस मी बगतंय, अठ्ठावीस. आज एकवीस. काल एकवीस. सात मैल कटं गेले?"

"मीटर बिघडलाय."

"मग मी पन बिगडलोय. वडखळचा नाका कधी गेला मना कललं नाय. आधी नागोठण्यापासून तंबाखू मळायला घ्यायचो, ती वडखळला तोंडात जायची. आता मळतोय तोवर नाका जातो मागं. मधला रस्ता मी बघितलाच नाय. मग चालवला कोनी?"

मी मीटरची तार काढून बघितली. तेल दिलं. तार उत्तम होती. मी म्हणालो, "मीटर जुना झालाय, आणि तूही दमलायस. डोळे तपासून घे."

अठ्ठावीस आणि एकवीस. चारास तीन. माझ्या हातांनी बसवलेल्या दातांचं गणित तो मला तोंडाने म्हणून दाखवत होता, आणि मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं.

डॉक्टरने डोळ्यांत काही दोष नाही म्हणून सांगितलं. रघूदादाला त्याने धीर आला नाही, तो जास्त घाबरला. "डोलं बरं हायत म्हनतो. मग बिगडलंय काय?" तो गाडी चालवताना झाडं मोजायला लागला, पुटपुटत, बोटांनी स्टिअरिंगवर. मागे बसलेल्या शेठनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळ्यांना माहीत झालं.

तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याचा आवाज खाली गेला होता.

"खिंड उतरताना मागून हात लागतो."

"कोणाचा?"

"नाय म्हाईत. गाडीच्या पाठीला. जोरात नाय ढकलत. बैलाच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून चालवतात ना, तसा. मी रेसवरचा पाय काढतो, आधी गाडी धरायची, सावकाश व्हायची. आता धरतच नाय. जाते. मी दगडापुढं नारल फोडला. तरी हात हायच."

मी भडकलो. तीस वर्षं यंत्र चालवलेला माणूस, संघटनेचा सभासद, आणि दगडाला नारळ! मी खिशातून माझं पत्रक काढून त्याच्या हातात दिलं. त्याने ते चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवलं.

"वाचीन. पन तू एकदा बाजूला बस. खिंडीतनं जाऊन येऊ."

मी गेलो नाही. हातात एका जीपचं काम होतं, असं मी सांगितलं. होतंही. पण खरं कारण ते नव्हतं. भुताच्या तक्रारीवर गाडी तपासायला जायचं नाही, हे माझं तत्त्व होतं.

नऊ-दहा दिवसांनी ते झालं. भर दुपारी. शेठ मागे बसलेले. गाडी खिंडीतून रोह्याच्या बाजूला उतरत होती. वळणापुढे कातकरी वाडीतली सोमी डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन त्याच दिशेला चालली होती, रोह्याच्या हॉटेलांना घालायला. रघूदादाने ब्रेक दाबला. गाडी मोळीला लागली. मोळी फुटली, सोमी गटारात पडली, आणि गाडी पन्नास पावलं पुढे जाऊन थांबली. सोमीचा उजवा हात मोडला. शेठ गाडीतून उतरले ते ओरडतच, "रघू, आंधळा झालास का?" रघूदादालाही तेच विचारायचं होतं.

केस झाली नाही. कातकरणीच्या हातासाठी कोण केस करतो! रघूदादाला गाडीवरून काढून गेटवर स्टुलावर बसवलं. खिंडीने त्याला धरलं, असं लोक म्हणू लागले. जे बसमधून उतरताना 'येतो रघू' म्हणायचे, ते आता गेटातून खाली मान घालून जायला लागले. गाडी पुढचा पत्रा ठोकायला आमच्याकडे आली.

मी रोह्याच्या सरकारी दवाखान्यात सोमीला भेटायला गेलो, ते वही-पेन्सिल घेऊन. मला पत्रक काढायचं होतं. मथळासुद्धा तयार होता, दोन उद्गारचिन्हांसकट. सोमी खाटेवर नव्हती, खाटेखाली चटईवर बसली होती. खाटेवर भीती वाटते म्हणाली.

"शेठ बघायला आले का?" मी विचारलं.

"नाय."

"खर्च कोणी केला? काही लिहून घेतलं का तुझ्याकडून?"

"ते नंतर पूस. आदी माजं आयक. त्या गाडीत काय व्हतं?"

"काय असणार?"

"आवाज लांब व्हता, गाडी जवल व्हती."

मी लिहिता लिहिता थांबलो. "म्हणजे?"

ती माझ्याकडे कीव करून बघायला लागली. "तू मोली घेतलीस कंदी डोक्यावर? मोली घेतली का मान वलत नाय. मागं बगता येत नाय. मग गाडी कशी कलंल? कानानं. यष्टीचा आवाज आला का तीस पावलं चालायची, मंग गटारात उतरायचं. टरकला चालीस. ती लांब गाडी रोज जाते, तिला पंचवीस. लहानपणापास्नं चालतंय, कान चुकला नाय. त्या दिशी आवाज आला. सावकाश येत व्हती. लांबून. मी पंचवीस पावलं धरली. सतरा झाली नाय तर पाठीत. आवाज अजून तिकडं मागंच व्हता. गाडी त्याच्या म्होरं आली."

शेजारची बाई म्हणाली, "ती भुताची गाडी गो. तिच्या डायवरला पन धरलंय."

"भुताची नाय," सोमी म्हणाली. "भूत असतं तर आवाजच नसता. हिचा आवाज खोटा व्हता."

मी वही मिटली. अंगावर काटा येणं म्हणजे काय, हे मला तिथे कळलं, आणि तो भुताच्या भीतीने आला नव्हता. चालत्या गाडीत वेग सांगणाऱ्या दोनच गोष्टी असतात. एक इंजिनाचा आवाज, दुसरा मीटरचा काटा. मीटरची तार गिअरबॉक्सच्या शेपटीतून निघते. म्हणजे इंजिन आणि मीटर, दोन्ही मागच्या दातांच्या अलीकडे. दात मी बदलले होते. अलीकडे सगळं जसंच्या तसं राहिलं, आणि पलीकडे चाकं चारास तीनच्या हिशेबाने जोरात पळू लागली. कान म्हणाला तीस, काटा म्हणाला तीस, दोन साक्षीदार एकाच गावचे. खरं फक्त झाडं सांगत होती. रघूदादाने कानावर आणि काट्यावर विश्वास ठेवला आणि झाडांवर नाही. मी त्याला दुसरं काही सुचवलंच नव्हतं.

आणि तो मागचा हात. जुने दात उतारावर इंजिनाकडून गाडीला धरून ठेवायचे. नव्या दातांनी ती पकड सैल केली. धरणारा हात सुटला, तर पाठीवर ढकलणारा हात असल्यासारखंच वाटतं.

पेणला परत आलो आणि मिस्त्रींना गाडीत घालून वडखळच्या बाजूला नेलं. काटा तीसवर धरला आणि मिस्त्रींना घड्याळ बघायला सांगितलं. ताशी तीस मैलांच्या त्या वेगाला एका किलोमीटरच्या दगडापासून दुसरा यायला पंचाहत्तर सेकंद लागायला हवेत. छप्पन्नाव्या सेकंदाला दगड आला. पुन्हा केलं. पुन्हा छप्पन्न. इंजिन झोपेत घोरल्यासारखं शांत, काटा जागचा हलत नाही, आणि काचेबाहेर मिठागरं, बांध, खांब असे पळतायत की जणू त्यांना कोणी दुसऱ्याच गाडीतून बघतंय. मिस्त्री एकदा काट्याकडे बघत, एकदा बाहेर. तिसऱ्या दगडाला त्यांनी मीटरच्या काचेवर आपला रुमाल टाकला.

"उभी कर," ते म्हणाले. "बगवत नाय."

गाडी कडेला उभी करून मी म्हणालो, "मिस्त्री, पत्रक काढतो. 'चूक माझी' म्हणून. खाली माझी सही. धाटावच्या गेटवर उद्याच वाटतो."

"पत्रक मंग," मिस्त्री म्हणाले. "आदी दात उतरव."

दुसऱ्या दिवशी गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली होती, भोपळा उघडून दात रॉकेलच्या ताटात पडले होते, तेव्हा शेठ आले. मी गाडीखालून त्यांचे बूट बघितले. पॉलिश होतं. बाहेर येऊन त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हे मान्य केलं पाहिजे.

"म्हणजे दोष मीटरचा," ते म्हणाले. "मीटर दुरुस्त करा. दात राहू देत. गाडी आत्ता कुठे पळायला लागलीय."

"मीटरची तार फिरवणारं दातेरी चाक बदलावं लागेल, ते इथे मिळत नाही, शेठ. मिळालं तरी काटा सुधारेल. खिंडीतली पकड येणार नाही. आणि त्या बाईच्या कानाला मीटर कुठून लावायचा?"

"आता मी रस्त्यावरच्या प्रत्येक बाईचा कान बघून गाडी बनवू?"

"हो," मी म्हणालो.

शेठ माझ्याकडे न बघता मिस्त्रींकडे वळले. "मिस्त्री, आमच्या कारखान्याच्या जीपही तुमच्याकडेच येतात, नाही का?"

मिस्त्री हात पुसत होते. पुसून झाल्यावर तो बोळा त्यांनी नीट खिळ्याला अडकवला. "येव देत, नाय तर नको येव देत. ही गाडी माज्या घोड्यांवरनं खाली उतरल ती जुन्या दातांवर. नाय तर हितंच राहील. मना शेड मोकली नसली तरी चालंल."

शेठनी रॉकेलच्या ताटाकडे बघितलं. ते तुकडे घेऊन दुसऱ्या कोणाकडे जाण्यासारखं नव्हतं, हे त्यांना कळत होतं. "रघूचं म्हणाल तर त्याने यावं परत," ते जाताना म्हणाले. "पण मी बोलावलं होतं. तोच बसत नाही."

ते खरं होतं. मी गेटवर जाऊन रघूदादाला दातांचं गणित सांगितलं, जमिनीवर काडीने चक्रं काढून. त्याने ते एकदाच ऐकलं आणि त्याला ते माझ्यापेक्षा लवकर कळलं.

"म्हंजे डोलं बरं. डोकं पन बरं."

"हो."

"झाडं खरंच लवकर येत व्हती."

"हो. तू सांगत होतास ते सगळं खरं होतं. मी ऐकलं नाही."

त्याने जमिनीवरची चक्रं पायाने पुसली. मग म्हणाला, "दात तुजे व्हते. ब्रेकवर पाय माजा व्हता. ती सांगंल तर बसीन."

सोमीचा हात प्लास्टरमधून सुटायला दोन महिने गेले. मग एका सकाळी मी आणि रघूदादा गाडी घेऊन खिंडीत गेलो. जुने दात बसवले होते. गाडी मी चालवत होतो, कारण तो स्टिअरिंगला हात लावत नव्हता. सोमी वाडीच्या वाटेने उतरून आली, मोळी घेऊनच. तिने सगळं ऐकलं, गाडीभोवती एक फेरी मारली आणि रघूदादाला म्हणाली, "मी कशी सांगू बस म्हनून? तू आदी मोली घे. माज्यासंगं चाल. ती मागनं येव दे. तुजा कान काय म्हनतो ते बग. मंग तूच सांग."

"गाडी कोन आनंल?" रघूदादाने विचारलं.

"ह्यो. दात ह्यानं बसवलंत ना? ह्याला बी कलू दे मागनं येनं काय असतं."

तिने त्याच्यासाठी दुसरी मोळी बांधली. पन्नाशीच्या माणसाने चुंबळ ठेवून मोळी डोक्यावर घेतली, मान ताठ झाली, आणि दोघं उताराला लागली. पुढे सोमी, मागे रघूदादा. मी गाडी वर नेऊन वळवली. रस्ता मोकळा होता. ब्रेकवरचा पाय उचलला, आणि ती आपणहून सरकायला लागली.

वळणावरून ती दोघं दिसली. माणसं दिसत नव्हती खरं तर. दोन मोळ्या दिसत होत्या, रस्त्याच्या कडेने तरंगत चाललेल्या, आणि त्यांच्याखाली चार पाय. कोणी वळून बघत नव्हतं. बघूच शकत नव्हतं. मी येतोय हे त्यांना फक्त माझ्या इंजिनाने सांगायचं होतं, आणि ते काय सांगतंय ते मला आतून कळत नव्हतं. काटा पंचवीसवर. सागाचं बन गेलं. पाटी गेली. मोळ्या मोठ्या होत होत्या आणि चालतच होत्या. हिशेब मी केला होता, खडूच्या रेघा मारून केला होता, घड्याळ लावून केला होता. तरी माझा पाय ब्रेकवर पडला. टायर किंचाळले.

मोळ्या थांबल्या. सोमीचा आवाज आला, पुढे तोंड करूनच.

"ब्रेक मारलास रं! आवाज मोडला. ह्याला काय कलनार आता? परत जा. परत ये."

मी गाडी मागे घेतली. पुन्हा वर नेली. पुन्हा काटा पंचवीस. या वेळी मी पाय रेसवरच ठेवला, ब्रेककडे जाऊ दिला नाही. पुन्हा तेच चार पाय, त्याच दोन मोळ्या, त्याच संथ चालीने, आणि त्यांच्या पाठीत शिरणारं ते दोन टनांच्या गाडीचं बॉनेट. वळण घेतल्यापासून रघूदादाची पावलं मी मोजत होतो, आणि मोजताना माझे ओठ हलत होते. बावीस. तेवीस. चोवीस.

पंचविसाव्या पावलाला पुढची मोळी गटारात उतरली. तिच्यामागे दुसरी. कोणी वळून बघितलं नाही. मी त्यांच्या बाजूने गेलो तेव्हा मधे एक माणूस उभा राहील एवढी जागा होती.

गाडी पुढे कडेला लावली आणि तसाच बसून राहिलो. थोड्या वेळाने दोघं चालत आली. रघूदादाने मोळी उतरून सोमीच्या मोळीशेजारी उभी केली. त्याच्या केसांत सालपटं अडकली होती. त्याने बॉनेटवर हात ठेवला, मग माझ्या बाजूचं दार उघडलं.

"सरक," तो म्हणाला.